लेबल काढू नका

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या घरांमधून, बंद पडलेल्या व्हिडिओ गेम पार्लरमधून आणि भंगाराच्या दुकानांतून मिळालेल्या गेमच्या कॅसेट आणि बोर्ड यांची ही सूची आहे. प्रत्येक वस्तूचे पुढून-मागून फोटो आहेत, आतल्या चिपांची नोंद आहे, वस्तू कुठल्या भागातून आली ते लिहिलं आहे. तरी सूचीचा मुख्य विषय कॅसेटच्या तोंडावर चिकटवलेला कागद हाच आहे. तो कारखान्यातून निघाला तेव्हाचाच आहे की नंतर कुणी लावला, लावला असेल तर कधी, कशावर छापून आणि कशासाठी, हे प्रत्येक पानावर तपासलं आहे. इतक्या लहान कागदामागे एवढी मेहनत का घ्यावी, ते सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

हे कागद सध्या झपाट्याने नाहीसे होत आहेत आणि त्यांना नाहीसं करणारी माणसं त्या खेळांवर मनापासून प्रेम करणारी आहेत. नव्वदच्या दशकात जी मुलं शाळेत होती ती आता चाळिशीत आली. माळ्यावरचा खोका खाली उतरतो, त्यात पिवळी कॅसेट सापडते. लेबल अर्धं फाटलेलं, त्यावर सेलोटेप, सेलोटेपच्या कडेला साचलेला काळा मळ. मग जपानी कॅसेटच्या लेबलाचं स्वच्छ चित्र शोधायचं, स्टिकरवाल्याकडून ते चकचकीत व्हिनाइलवर छापून आणायचं, जुना कागद थिनरने भिजवून नखाने खरवडायचा आणि नवा लावायचा. तासाभराचं काम. कॅसेट कपाटात ठेवली की देखणी दिसते. पण त्या वस्तूबद्दल जे काही कळू शकलं असतं त्यातलं बरंचसं थिनरच्या बोळ्याबरोबर कचऱ्यात गेलेलं असतं.

मूळ लेबल की बदली लेबल, हा वाद जगभरच्या संग्राहकांमध्ये विशेष रंगतो तो निओ जिओच्या कॅसेटवरून. १९९० साली जपानच्या एसएनके कंपनीने पार्लरवाल्यांसाठी निओ जिओची एमव्हीएस नावाची यंत्रणा आणली. तोवर मशीनमधला खेळ बदलायचा म्हणजे बहुतेक वेळा आतला अख्खा बोर्ड बदलावा लागे. एमव्हीएसमध्ये मुख्य बोर्ड कायम राही आणि त्यावरची कॅसेट बदलली की खेळ बदले. मोठ्या मॉडेलमध्ये एका वेळी सहा कॅसेट बसत. त्याच खेळांची घरगुती आवृत्तीही कंपनीने काढली, ती एईएस. खेळ तोच, पण पिनांची मांडणी वेगळी, त्यामुळे एकाची कॅसेट दुसऱ्यात चालत नाही. घरगुती यंत्राचा मोठा संच अमेरिकेत साडेसहाशे डॉलरला विकला जाई आणि एकेक कॅसेट दोनशे डॉलरच्या घरात, म्हणून ती मोजक्याच घरांत गेली. याचा परिणाम आज दिसतो. १९९६ च्या ‘मेटल स्लग’ची पार्लरची कॅसेट शोधणाऱ्याला मिळू शकते, घरगुती मात्र अतिशय दुर्मीळ आणि त्याच प्रमाणात महाग. मग पार्लरच्या कॅसेटमधल्या चिपा काढून घरगुती कॅसेटच्या बोर्डावर बसवायच्या, वर घरगुती आवृत्तीचं लेबल छापून चिकटवायचं, अशी कामं होऊ लागली. काही जण ते स्वतःच्या आनंदासाठी करतात आणि तसं सांगतात. काही जण सांगत नाहीत.

एमव्हीएसच्या लेबलाबद्दल एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ते खेळणाऱ्यासाठी नव्हतंच. कॅसेट मशीनच्या पोटात, कुलपामागे असायची. नाणं टाकणाऱ्या मुलाला दिसायची ती वरची उजळलेली चित्रपट्टी. लेबल वाचणारा माणूस म्हणजे टॉर्च घेऊन मशीनचं दार उघडणारा मेकॅनिक. त्यामुळे त्या कागदावर तेलकट बोटांचे ठसे असतात, मार्करने घातलेले नंबर असतात, एका पार्लरचं नाव खोडून दुसऱ्याचं लिहिलेलं असतं. ती वस्तू ज्या कामासाठी जन्मली त्या कामाच्या या खुणा आहेत. ज्या दिवशी कॅसेट कपाटातल्या काचेमागे गेली त्या दिवशी हाच कागद तिचा चेहरा झाला, आणि चेहरा म्हटल्यावर लोकांना तो स्वच्छ हवासा वाटू लागला.

जाणते संग्राहक एकट्या लेबलावर भिस्त ठेवत नाहीत, ते स्क्रू काढून आत बघतात. एसएनकेच्या प्रत्येक खेळाला क्रमांक असे. ‘मेटल स्लग’चा २०१. मूळ कॅसेटमधल्या चिपांवर २०१-पी१, २०१-सी१ अशी अक्षरं छापलेली असतात. ‘पी’ म्हणजे खेळाचा प्रोग्रॅम, ‘सी’ म्हणजे चित्रं, ‘व्ही’ म्हणजे आवाज. बाहेरच्या लेबलावर एक खेळ आणि आतल्या चिपांवर दुसराच क्रमांक, असं दिसलं की त्या कॅसेटचं आयुष्य बदललं गेलंय हे कळतं. उलटही घडतं. आतलं सगळं अस्सल आणि कागद तेवढा नवा. अशा कॅसेटला बनावट म्हणणं अन्यायाचं आहे. तिचं लेबल बदललेलं आहे, एवढंच म्हणावं.

आता आपल्याकडे येऊ. ठाण्यापासून कल्याणपर्यंत स्टेशनाबाहेरच्या गल्ल्यांत, शाळेच्या वाटेवरच्या एखाद्या गाळ्यात जी पार्लरं चालत, त्यांतली लाकडी मशीनं आठवणारे लाखो लोक आजही लोकलने प्रवास करतात. एसएनकेचा ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ तिथे राज्य करत होता. कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ तर त्यातल्या मुस्तफा या पात्रामुळे ‘मुस्तफा’ याच नावाने ओळखला गेला. मूळ नाव माहीत नसलेले लोकही तो शेवटपर्यंत खेळले आहेत. या मशीनमध्ये कंपनीचे बोर्ड क्वचित असत. सर्रास असत ते नक्कल केलेले. जामा नावाची ५६ पिनांची जोडणी जपानने १९८०च्या दशकात ठरवून दिली होती. ती पाळली की कुठलाही बोर्ड कुठल्याही मशीनला लागे आणि नकलेचं काम सोपं होई.

अशा नकली बोर्डांवरच्या लेबलांबद्दल मात्र सूचना नव्हे, थेट इशाराच द्यायला हवा. मूळ कंपन्या बहुधा खेळ कायमचा कोरलेल्या चिपा वापरत. नक्कल करणारे वापरत ती ईप्रॉम, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी चिप. तिच्या पाठीवर क्वार्ट्‌झची छोटी गोल खिडकी असते. त्या खिडकीतून अतिनील प्रकाश आत गेला की चिपमधली माहिती पुसली जाते. कारखान्यात ती मुद्दाम पुसायला त्या प्रकाशाचा दिवा साधारण पंधरा-वीस मिनिटं पुरतो. उत्पादकांच्या माहितीपत्रकांत लिहिलेलं असे की थेट उन्हात ही चिप आठवडाभरात पुसली जाऊ शकते आणि खोलीतल्या ट्यूबलाइटच्या सतत उजेडात सुमारे तीन वर्षांत. म्हणून खिडकीवर कागद चिकटवलेला असतो. त्यावर हाताने लिहिलेला एखादा आकडा, कधी नुसतं अक्षर. दिसायला अगदी गबाळा कागद, पण खेळ त्याच्याच आडोशाने टिकलेला असतो. साफसफाईच्या भरात तो काढून बोर्ड गॅलरीत वाळत ठेवणाऱ्या माणसाच्या हातून खेळ कायमचा जाऊ शकतो. कागद सुटत असेल तर त्याच्यावरून अपारदर्शक चिकटपट्टी लावा, तो काढून नवा लावू नका.

घरातल्या कॅसेटची गोष्ट वेगळी आहे आणि या सूचीत जास्त पानं तिलाच दिली आहेत. निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये फॅमिकॉम आणला. त्याच्या कॅसेटला ६० पिना होत्या आणि परकी कॅसेट अडवणारी कुलूपचिप नव्हती. अमेरिकेत १९८५ साली हेच यंत्र नव्या रूपात आणताना कंपनीने ती चिप घातली, पण तोवर जपानी आराखडा जगासाठी उघडा पडला होता. तैवान, हाँगकाँग आणि पुढे चीनमधून त्याच्या नकला निघाल्या. आपल्याकडे समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांची यंत्रं लोकांनी घेतली. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोड, मनीष मार्केट, मुसाफिरखाना इथून कॅसेट निघत आणि संध्याकाळच्या गाडीने डोंबिवलीच्या फडके रोडवर, ठाण्याच्या गोखले रोडवर, कल्याणच्या शिवाजी चौकात पोहोचत. घेणाऱ्याला निन्टेन्डो हे नाव माहीत असेलच असं नव्हतं. दुकानात मागणी असायची ती ‘कॉन्ट्रावाली’, ‘मारिओवाली’ कॅसेटची.

त्या कॅसेट उघडल्या तर आत बोटाएवढा बोर्ड आणि त्यावर काळ्या रेझिनचा एक थेंब दिसतो. चिप त्या थेंबाखाली असते. तिच्यावर क्रमांक नाही, कंपनीचं नाव नाही. निओ जिओसारखी चिपांवरून ओळख पटवण्याची सोय इथे नाही. अशा कॅसेटचा जन्मदाखला, तोही अर्धवट, म्हणजे फक्त तिचं लेबल. लेबल गेलं की ती कुठल्या मालाबरोबर आली, तिच्यासारख्या आणखी किती आल्या, कुणी विकली, हे ताडण्याचा मार्ग जवळजवळ बंद होतो. म्हणूनच थिनरच्या बोळ्याचा मला इतका राग येतो.

आणि ती लेबलं किती बोलकी आहेत! एकावर लढाऊ विमान, पण आत विमानाचा एकही खेळ नाही. एकावर ‘९९९९९९९ इन १’ असा आकडा, आत मूठभर खेळ, तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या नावाने मांडलेले. कुठे सुरुवातच तिसऱ्या पातळीपासून, कुठे गडी जास्त. चित्रपटांतल्या नायकांचे चेहरे तर सर्रास. ही नुसती फसवणूक म्हणून सोडून द्यावीशी वाटत नाही. कारण ‘कॉन्ट्रा’चं गाजलेलं मूळ चित्र घ्या. बॉब वेकलिन या ब्रिटिश चित्रकाराने ते काढलं आणि त्यातल्या सैनिकाची ठेवण ‘प्रिडेटर’ चित्रपटातल्या आर्नोल्ड श्वार्झनेगरच्या छायाचित्रांवरून घेतली. म्हणजे अस्सल लेबलावरचं चित्रसुद्धा दुसऱ्या चित्रावरून आलेलं. नक्कल करणाऱ्याने त्या चित्राची आणखी एक प्रत काढली, रंग थोडे सरकले, नायकाचा चेहरा जांभळट झाला, आणि डोंबिवलीतल्या मुलाने आयुष्यातला पहिला ‘कॉन्ट्रा’ त्या जांभळट चेहऱ्याने पाहिला.

त्या मुलाच्या कॅसेटवरून ते लेबल काढून जपानी कॅसेटचं शुद्ध लेबल लावलं, तर आपण नेमकं काय केलं? जी वस्तू कधी जपानी नव्हती तिला जपानी ठरवलं. आपल्या पट्ट्यात जे लेबल घेऊन ती आली तेच तिचं मूळ लेबल, मग ते चुकीचं असो, धूसर असो की खोटं बोलणारं असो. या सूचीत ‘मूळ’ हा शेरा याच अर्थाने वापरला आहे. कंपनीने अधिकृत छापलेलं ते मूळ आणि बाकी सगळं डुप्लिकेट, ही वाटणी निओ जिओच्या संग्राहकाला उपयोगी असेल, आपल्या घरच्या कॅसेटला लावली तर सगळा इतिहासच एका शब्दात रद्द होतो.

इथे उल्हासनगरचं नाव घ्यावंच लागेल. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना वसवलं गेलं आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथे नव्या शहराची पायाभरणी झाली. सगळं मागे टाकून आलेल्या माणसांनी जीन्सपासून बिस्किटांपर्यंत जे करता येईल ते बनवलं आणि विकलं. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. मला तो कधी आवडला नाही. विदेशी मालाची भूक होती, आयातीवर बंधनं होती, हातात कसब होतं आणि घर चालवायचं होतं. त्या परिस्थितीतून जे लेबल छापलं गेलं ते त्या परिस्थितीचा अस्सल पुरावा आहे. कपड्याच्या टॅगला हे लागू पडतं तसंच गेमच्या कॅसेटलाही. आमच्या पट्ट्याने नकलेच्या मालावर एक अख्खं बालपण काढलं, आणि ते बालपण नकली नव्हतं.

छापील कागदाहून जास्त काही सांगतो तो त्यावर नंतर चढलेला मजकूर. भाड्याने कॅसेट देणाऱ्या दुकानाचा रबरी शिक्का. स्क्रूवर लावलेला ‘सील तुटल्यास बदलून मिळणार नाही’चा बारीक कागद. बॉलपेनने लिहिलेलं नाव, इयत्ता, तुकडी, बिल्डिंगचं नाव, कारण कॅसेट उधार जायची आणि परत यायची हमी नसायची. काही लेबलांवर मुलांनी आतल्या खेळांची यादी केली आहे, ‘३ नंबर टँक, ७ नंबर सर्कस’ अशी. एखाद्या कॅसेटवर खाडाखोड करून तीन-तीन मालक झालेले दिसतात, त्यावरून ती एका सोसायटीतून दुसरीत कशी गेली ते कळतं. २६ जुलै २००५ च्या पुरात कल्याणच्या सखल भागातल्या तळमजल्यांवर जे भिजलं त्यात कॅसेटही होत्या. त्यांतल्या ज्या वाचल्या त्यांची लेबलं सुटून गेली आणि लोकांनी वहीचा कागद कापून, त्यावर खेळाचं नाव लिहून, डिंकाने लावला. हेही बदली लेबलच. सूचीत अशांना ‘हस्तलिखित’ म्हटलं आहे आणि माझ्या मते संग्रहातली ती सर्वांत मोलाची पानं आहेत.

लेबल जुनं की नवं, हे ओळखण्याच्या खुणा फार कठीण नाहीत. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. जुनी छपाई ऑफसेटची, तिच्यात चार रंगांचे ठिपके ठरावीक जाळीत बसलेले दिसतात आणि जोडणी चुकली असेल तर कडेला एखादा रंग बाहेर डोकावतो. इंकजेटच्या छपाईत ठिपके विखुरलेले असतात, जाळी नसते. लेसर प्रिंटरची पावडर कागदात मुरत नाही, वर बसून चमकते. मग कडा बघाव्यात. कारखान्यात साच्याने कापलेल्या लेबलाचे चारही कोपरे सारखे गोल असतात, कटरने कापलेल्याचे नसतात. लेबलाभोवतीचं प्लास्टिकही साक्ष देतं. उजेडाने ते पिवळं-तपकिरी पडतं, पण कागदाखालचं झाकलेलं राहतं. नव्या लेबलाच्या कडेला जुन्या लेबलाची फिकट चौकट दिसली, तर अदलाबदल झाली हे नक्की. एकाच खुणेवर निकाल देऊ नये, दोन-तीन जुळल्या तरच शेरा मारावा. सूचीत जिथे खुणा परस्परविरोधी निघाल्या तिथे शेऱ्याची जागा मोकळी सोडली आहे.

मी बदली लेबलांच्या विरोधात आहे असा समज होऊ नये. लेबल आधीच गेलं असेल तर नवं लावायला काहीच हरकत नाही. एखाद्याला आपल्या मुलीबरोबर बसून मारिओ खेळायचा आहे, कॅसेट ओळखू यावी असं वाटतं, त्याने खुशाल छापून आणावं. प्रश्न फक्त सांगण्याचा आहे. पोस्टाच्या तिकिटांच्या संग्राहकांनी हे फार आधी पक्कं केलं. पुनर्मुद्रित तिकीट वेगळं नोंदलं जातं, मागचा डिंक पुन्हा लावला असेल तर तसं लिहून विकलं जातं आणि ते लपवणं हा गुन्हा मानला जातो. जुन्या इमारतींच्या बाबतीत १९६४ च्या व्हेनिस सनदेने हेच तत्त्व घातलं आहे. गेलेला भाग नव्याने बसवताना तो बाकीच्याशी जुळावा, पण मूळ भागापासून वेगळा ओळखूही यावा. कॅसेटला ते लागू करणं अवघड नाही. नव्या लेबलाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छपाईचं साल घाला. फाटलेलं जुनं लेबल असेल तर त्याला हात न लावता कॅसेट पारदर्शक डबीत ठेवा आणि नवं लेबल डबीवर चिकटवा. डोळ्यांना हवं ते मिळतं, आणि कागदाचंही काही जात नाही.

सूची वाचताना एवढं लक्षात असू द्यावं. शेऱ्याची जागा मोकळी सोडलेल्या नोंदी वगळता प्रत्येक नोंदीत ‘मूळ’, ‘बदली’, ‘हस्तलिखित’ किंवा ‘लेबल नाही’ यांपैकी एक शेरा आहे. ‘बदली’च्या पुढे छपाईचा प्रकार दिला आहे. ‘लेबल नाही’ अशा कॅसेटचेही फोटो मुद्दाम छापले आहेत, कारण उरलेल्या डिंकाचा आकारही कधी कधी दुसऱ्या कॅसेटच्या लेबलाशी तंतोतंत जुळतो. बाजारभाव कुठेही दिलेले नाहीत. भाव छापला की लोक लेबलं नवी करू लागतात, हे इतर संग्रहांत पुरेसं दिसलं आहे.

लेबलांवरच्या मुलांच्या नावांवर फोटोत पट्टी टाकली आहे. इयत्ता, तुकडी आणि खेळांच्या याद्या तशाच ठेवल्या आहेत. ज्यांना आपलं किंवा भावंडाचं अक्षर ओळखू येईल त्यांनी प्रकाशकाकडे कळवावं. त्यांची संमती असेल तर पुढच्या आवृत्तीत ती पट्टी काढून नाव छापू, आणि त्यांना कॅसेट परत हवी असेल तर संग्रहात तिचा फोटो ठेवून ती त्यांच्या स्वाधीन करू.